गाडी ढकलायचा मान

न्हाय, पण मी म्हणतो, ज्याला सायकलचा स्टँड धड लावता येत नाही त्यानं गिअरबॉक्सवर बोलावं कशाला? पण बोलतात. आमच्या उमरग्यात तर हटकून बोलतात. तुम्हाला सांगतो, शिवप्पानं नुसतं तोंडातनं काढलं की बाबांनो, आता नवरदेवाची गाडी विकून टाकावी म्हणतोय... झालं! सलूनमध्ये अर्ध्या दाढीचा माणूस फेसासकट मान वळवून विचारतोय, दवाखान्यात कंपाउंडर सुई वर धरून विचारतोय, एसटीचा कंडक्टर डबल बेल मारायची सोडून खिडकीतनं वाकून विचारतोय, 'अप्पा, गिअरची विकायची का आटोमॅटिक करून?' अरे, तुला घ्यायची आहे का? नाही. तुझ्या घरात कुणी कधी घेतली होती का? नाही. मग? तर म्हणतो, 'न्हाय, उगं आपलं इचारलं.'

उगं आपलं! अशा उगं आपलं विचारणाऱ्यांनीच त्या माणसाचं वाटोळं केलं, आणि मी ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतो.

आता गाडी कसली ते आधी ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल जीप असेल. जीप नव्हे. परदेशी बनावटीची, साठ-बासष्टच्या सालातली, दोन दारांची, पिस्त्याच्या रंगाची गाडी, वर कापडी टप, तो मागं दुमडला की आत बसलेला माणूस सगळ्या गावाला दिसलाच पाहिजे. शिवप्पानं पंचवीस वर्षांखाली ती हैदराबादेतल्या एका जुन्या देवडीतनं, म्हणजे नवाबी वाड्यातनं आणली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगच्या बगलेला, आणि तो कुठं कसा ओढायचा ते शिवप्पाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीचं नाव पुढं पितळी अक्षरांत होतं, त्यातली निम्मी अक्षरं पडली, पण कुणाचं काही अडलं नाही. अख्खा तालुका तिला नवरदेवाची गाडी म्हणतो. बाप लग्नाला त्याच गाडीतनं गेला, लेकही त्याच गाडीतनं गेला, आणि पुढं स्टिअरिंगवर दोन्ही वेळेला शिवप्पाच, गुलाबी फेटा बांधून, नवरदेवापेक्षा ताठ.

आणि वरातीत गाडी चालवणं म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, ते चालवणं नव्हेच. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत चारशे पावलं, वेळ दोन तास! पुढं पोरं नाचायलीत, मागं बायका, मध्येच कुणाचा तरी मेव्हणा बॉनेटवर झोपतोय, आणि शिवप्पाचा डावा पाय हाफ क्लचवर. दाबायचा नाही, सोडायचा नाही, मधे धरायचा. पंचवीस वर्षं! गुडघा राहील का? नाही राहिला. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला, आणि सांगितलं की डाव्या पायानं आता काही दाबायचं नाही. शिवप्पा म्हणाला, साहेब, नुसता अर्धा दाबतो. डॉक्टरनं त्याच्याकडं असं बघितलं की बस.

घरी आल्यावर मथुराबाई, म्हणजे शिवप्पाची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "इकून टाका. पंचवीस वर्सं लोकाच्या लग्नात म्होरं बसलाव, आता घरात बसा." ती बाई मोजकंच बोलते, पण तिच्यापुढं शिवप्पाचं काही चालत नाही.

पण गाडी विकायचं शिवप्पाच्या जिवावर आलं होतं, हे मथुराबाईलाही ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. त्याची एकच अट. गाडी चालत राहिली पाहिजे, तिच्यात नवरदेव बसला पाहिजे. भंगारवाल्याला त्यानं दारातनंच परत लावला. आणि मग गिऱ्हाईकं आली दोन. दोनच! आणि दोन्ही दोन टोकांची.

पहिला हैदराबादचा. जुन्या गाड्या जमवायचा नाद. फोनवरच बोलायचा, "देखो अप्पा, ओरिजिनल गिअर रहे तो बात करो, नै तो नक्को." शिवप्पानं विचारलं, घेऊन करणार काय? तर म्हणाला, काचेच्या खोलीत ठेवीन, थंड हवेत, धूळ बसू देणार नाही. शिवप्पा म्हणाला, आणि चालवणार कधी? तर तो माणूस हसला हो. चालवायची कशाला, म्हणाला, बघायची. शिवप्पानं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ गाडीच्या सीटवरची धूळ झटकत बसला.

दुसरा रणधीर. धाराशिवच्या रस्त्याला त्याचं मंगल कार्यालय आहे, त्याला आता कार्यालय म्हणायचं नाही, लॉन्स म्हणायचं. अंगात जाकीट, मे महिन्यात! तो गाडीभोवती तीन चकरा मारून म्हणाला की काका, आता नवरदेवाला कोण विचारतंय, आता नवरी स्वतः गाडी चालवत येते, वरनं ड्रोन, खालनं धूर, आणि नवरीला येते फक्त स्कूटी. तिला क्लच काय माहीत? तेव्हा आटोमॅटिक करून द्या, उद्या नेतो, रोज एक लग्न करीन या गाडीवर.

रोज एक लग्न! शिवप्पाच्या कानात तेवढंच राहिलं.

आणि इथनं पुढं गावानं तोंड घातलं. चहाच्या हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या. गिअरवाले म्हणायचे, अस्सल ते अस्सल, गिअर काढला तर गाडीची किंमत मातीत. आटोमॅटिकवाले म्हणायचे, जग कुठं चाललंय, तुमी कुठं चाललाव? शाळेतल्या एका गुरुजींनी तर ट्रान्समिशनवर अर्धा तास भाषण दिलं, आणि त्यांच्याकडं आजही मोपेड आहे. 'अप्पा, गिअरची का आटोमॅटिक?' शिवप्पा देवाला निघाला तरी तेच. अणदूरच्या खंडोबाला जाऊन त्यानं देवाला कौल लावला, तर मागं रांगेत उभा असलेला अनोळखी माणूस खांद्यावरनं वाकून म्हणतोय, पाव्हणं, मायलेज कशाला जास्ती पडतंय?

शेवटी शिवप्पानं विडा खाऊन रणधीरला शब्द दिला. आटोमॅटिक करून देतो, एक वरात आधीची ठरलेली आहे तेवढी मारतो, दुसऱ्या दिवशी गाडी तुमची. आणि शिवप्पाचा शब्द म्हणजे शब्द, त्यात फिरवाफिरवी नाही.

काम दिलं बुद्धघोषला. हायवेला त्याचं गॅरेज, ट्रकपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याचा डॉक्टर, पॉलिटेक्निक शिकलेला, आणि उगीच बोलत नाही. सोलापूर रोडला एक अपघातातली गाडी उभी होती, तिचा आटोमॅटिक गिअरबॉक्स त्यानं उचलला, मधली प्लेट लेथवर करून घेतली, आणि तीन आठवडे गाडीखाली पडून बसवला. आता तीन आठवडे तिथं कोण नव्हतं? अख्खा गाव होता. बुद्धघोष गाडीखालनं म्हणायचा, "अप्पा, एक सांगायचं ऱ्हायलंय..." की लगेच वरनं कुणीतरी, अरे नट आवळ आधी. पुन्हा म्हणायचा, अप्पा, ह्याचं एक आहे बरं का... की दुसरा, त्या पेडलला रबर बसव लाल. तिसऱ्यांदा तो बाहेरच आला, हात पुसले, तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. गेलं! तुम्हाला सांगतो, ज्याला कळतं तो बोलायला लागला की आपल्याकडं चहाच येतो.

जुना गिअरबॉक्स गोणीत बांधून घरी आला. मथुराबाईनं तो पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवला. वानरं झाकण काढायची, आता नाही काढत.

आणि शिवप्पानं गॅरेजातनं गाडी बाहेर काढली... ट्रकच्या बॅटरीला वायर लावून चालू केली, आणि निघाला. डाव्या पायाला काम नाही! हायवेनं गेला, वळून आला, पुन्हा गेला. गुडघा दुखेना. डावा पाय त्यानं उचलून सीटवर घेतला, घरात बसतो तशी अर्धी मांडी, आणि उजव्या पायानं गाडी पाण्यावर सोडल्यासारखी चालली. परत आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कारण त्याला काय कळलं ते तुमच्या लक्षात आलं का? गुडघ्यासाठी गाडी विकायची होती ना? आणि विकायची म्हणून आटोमॅटिक केली ना? आणि आटोमॅटिक केल्यावर गुडघा दुखत नाही! मग विकायची कशाला? पण शब्द दिलेला. विडा खाल्लेला. रणधीरनं स्वतःच नको म्हणावं, एवढीच आता शिवप्पाची इच्छा. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "त्यो नगं मनला तर म्या आनकी धा वर्सं चालवतो."

आता ती ठरलेली वरात. गावाचं नाव सांगत नाही, तुमचे पाव्हणे निघायचे तिथं. उमरग्यापासून आत, आठ-दहा किलोमीटर. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा, मे महिना, डांबराला चपला चिकटायलेल्या, आणि गाडी उघडी. नवरदेवाला ओल्या टॉवेलवर बसवला होता, सीट इतकी तापलेली.

आणि इथं तुम्हाला आमच्याकडचा एक मान सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. या गाडीचा सेल्फ पहिल्यापासून कमजोर. गाडी एकदा बंद पडली की ढकलूनच चालू करायची. फार वर्षांखाली एका लग्नात ती नेमकी मारुतीपुढं बंद पडली, नवरीच्या मामांनी ढकलली, दुसरा गिअर टाकून शिवप्पानं क्लच सोडला, गाडी फट् करून चालू झाली, आणि नवरदेवाच्या बापानं खुशीत मामांना टॉवेल-टोपी केली. बस! पुढच्या लग्नात नवरीचे मामा विचारायले, आमचं ढकलायचं कुठं हाय? त्याच्या पुढच्या लग्नात तर पत्रिकेतच छापलं. हसू नका, मी पत्रिका दाखवतो. 'गाडी ढकलण्याचा मान : नवरीचे समस्त मामा.' तेव्हापासून गाडी चांगली चालत असली तरी शिवप्पा मारुतीपुढं गुपचूप चावी फिरवून बंद करायचा. मामा ढकलायचे, गाडी चालू व्हायची, मारुतीचा नारळ फुटायचा, टॉवेल-टोपी व्हायची. सगळे खूश.

त्या दिवशीही पाच मामा मारुतीपुढं बाह्या सरसावून उभे. थोरले मामा आबाराव. सत्तरीचे, मिशा पिळलेल्या, अंगात नवा नेहरू शर्ट. वरात आली. शिवप्पा मांडी घालून, फेटा बांधून, आपल्याच नादात. गाडी कशी चालायलीय, गुडघा कसा दुखत नाही, रणधीर कसा नको म्हणेल... आणि विसरला! चावी फिरवायची विसरला! गाडी मारुतीपुढनं सरळ निघून गेली.

वाजप थांबलं. डीजेवाल्यानं आवाज बंद केला. आबाराव पारावर जाऊन बसले. बाकीचे चारही बसले. नवरदेवाचा बाप हात जोडत गेला, काय झालं मामा? तर आबाराव मिशीवर हात ठेवून म्हणाले, "गाडी बंद पडल्याबगर आमी उठत न्हाय."

आता तुम्ही सांगा, चालती गाडी बंद पडत नाही म्हणून रुसलेला माणूस तुम्ही जगात कुठं बघितलाय? शिवप्पानं गाडी मागं घेतली, मारुतीपुढं आणली, चावी फिरवली. बंद. पडली बाबा बंद, या. मामा उठले, टाळ्या झाल्या, वाजप सुरू झालं, पाच मामांनी खांदा लावला आणि गाडी निघाली. शिवप्पाचा हात सवयीनं स्टिअरिंगच्या बगलेला गेला, तिथं दांडा नव्हता. डावा पाय सीटवरनं उतरून क्लच शोधायला लागला. तिथं क्लच नव्हता. रबराच्या चटईवर तो पाय नुसता फिरत राहिला.

बुद्धघोष वरातीतच होता, शिवप्पानंच बोलावलेला. तो गाडीशेजारनं चालत चालत, अगदी शांतपणे म्हणाला, "अप्पा, हेच सांगायलतो म्या तीनदा. आटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत न्हाय. सोलापूरपस्तोर ढकला."

डीजेवाला भला माणूस. म्हणाला, माझी बॅटरी घ्या, वायर लावा, दोन मिनिटांत चालू. वायर आलीसुद्धा! बुद्धघोषनं बॉनेट उघडलं. तर आबारावांनी येऊन ते बंद केलं आणि खिशातनं पत्रिका काढली. सगळ्यांना दिसेल अशी धरली. "हितं काय छापलंय? ढकलन्याचा मान. बॅटरीचं नाव हाय का हितं?" नव्हतं. बॅटरीचं नाव खरंच नव्हतं.

मग काय! ढकला! मारुतीपासून मांडव एक किलोमीटर, त्यात मधे चढ. पाच मामा दमले, तर नवरीचे चुलते आले. चुलते दमले, तर नवरदेवाकडचे म्हणाले आम्ही लावतो, तर नवरीकडचे म्हणाले तुमचा मान नाही, हात काढा. मधे चढावर दोन्हीकडचे भांडायला म्हणून हात सोडून उभे राहिले, तर गाडी नवरदेवासकट मागं यायला लागली, ब्रेकवर शिवप्पाचा तो एक उजवा पाय. मांडवातनं गुरुजी माईकवर विचारायलेत, नवरदेव कुठवर आले? अक्षता हातात घेऊन बसलेल्या बायकांच्या मुठी भिजल्या. बारा पस्तीस झाले. बारा पन्नास झाले. शेवटी नवरदेव, बाशिंगासकट, खाली उतरला आणि स्वतःच्या वरातीची गाडी स्वतः ढकलायला लागला! आणि तुम्हाला सांगतो, त्याही वेळेला, त्या उन्हात, घामानं थबथबलेला एक पाव्हणा खांदा लावता लावता वर मान करून शिवप्पाला विचारतोय... काय विचारत असेल? 'अप्पा, गिअरची हाय का आटोमॅटिक?'

एक वाजून दहा मिनिटांनी गाडी मांडवाला लागली. मंगलाष्टकाला मामा नवरीच्या मागं उभे राहिले ते धापा टाकत.

आणि शिवप्पा? सगळे त्याला नावं ठेवायलेत, टॉवेल-टोपी कमी पडलीय, आबाराव झाडाखाली उताणे पडलेत, आणि हा गडी मनातनं खूश! कारण रणधीर आला होता. गाडी कशी चालते ते बघायला ड्रोनवाला घेऊन आला होता, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यानं सगळं बघितलं होतं. आता कोण घेईल ही गाडी? शिवप्पानं पंगतीत बुंदी दोनदा घेतली. मथुराबाईला फोन करून सांगितलं, गाडी राहतीय बघ आपल्याकडं. ती म्हणाली, "बरं." एवढंच, पण फोन ठेवला नाही लगेच. तिलाही बरं वाटलं असावं.

हात धुवून आला तर रणधीर समोर. जाकीट काढलेलं. शिवप्पानं आधीच तोंड उतरवून ठेवलं होतं, म्हणाला, "काय करावं रणधीरसाहेब, तुमी आता न्हाईच घेनार. माजी काय तक्रार न्हाय. शब्दातनं मोकळे तुमी."

रणधीरनं मोबाईल पुढं धरला. वरनं काढलेला व्हिडिओ. पिस्त्याच्या रंगाची गाडी, पांढऱ्या टोप्या, फेटे, बाशिंग बांधून ढकलणारा नवरदेव, मागं अख्खं गाव. तेवढ्या वेळातच चाळीस हजार लोकांनी बघितला होता. आणि तो काय म्हणाला, तुम्हाला सांगतो, ते ऐकून मला त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. म्हणाला, "काका, ढकलायचंच भारी दिसतंय. उद्याच नेतो. इंजिन काढून टाकतो म्हणजे हलकी होईल."

इंजिन काढून! ज्यासाठी तीन आठवडे बुद्धघोष गाडीखाली पडला, ज्यासाठी दोन पार्ट्या पडल्या, ज्यासाठी काचेच्या खोलीतला, थंड हवेतला, इंजिन जागच्या जागी ठेवणारा हैदराबादवाला सोडला... ते इंजिनच नको! शब्द दिलेला होता. शिवप्पा गाडीजवळ गेला, बॉनेटवर हात ठेवला, ते उन्हानं तापलेलं होतं, तरी हात काढला नाही.

आता लॉन्सवर रोज एक लग्न होतं. रणधीरचा शब्दही खराच निघाला की! रोज नवरा-नवरी त्या गाडीत बसतात, शेरवानी घातलेली पगारी माणसं आठजण मामा म्हणून मागनं ढकलतात, वरनं ड्रोन, खालनं धूर. आणि गाडी वळवायला स्टिअरिंगवर जाणता माणूस लागतो, तर रणधीरनं शिवप्पालाच बोलावलं. गेला. जाणारच. गुलाबी फेटा बांधून बसतो, ताठ. ना क्लच, ना रेस, दोन्ही गुडघे आरामात. मथुराबाई सकाळी डबा बांधून देते. टाकीच्या झाकणावरच्या गोणीला तो जाता जाता एकदा हात लावतो, तेवढंच.

परवा मी गेलो होतो एका लग्नाला. गाडी आली, ढकलत. गर्दीतनं एक सुटाबुटातला पाव्हणा पुढं झाला, गाडीवरनं हात फिरवला, लई माहितगार असल्यासारखं आत डोकावला आणि विचारलंच, "काका, गिअरची का आटोमॅटिक?"

शिवप्पानं मागं वळून त्या आठ जणांकडं बघितलं, घामानं शेरवान्या भिजलेल्या, मग आपल्या दोन्ही पायांकडं बघितलं.

"आटोमॅटिकच की वो," म्हणाला. "म्या नुस्ता बसतो."